प्रिंटर नसलेल्या लेखकाची सही

पत्र :

ताई, सप्रेम नमस्कार. आमच्या गावचं सार्वजनिक वाचनालय गेली ११ वर्षं दिवाळी अंक काढतं. त्यातली शेवटची तीन वर्षं संपादन माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी विश्वस्तांनी ठरवलं, की प्रत्येक लेखकाकडून सही केलेला करार घ्यायचा. मी ३४ जणांना पीडीएफ पाठवली आणि 'प्रिंट काढून, सही करून, स्कॅन करून पाठवा' असं कळवलं. अंक छपाईला गेला तोवर १३ करार आले, त्यातल्या चार फोटोंवर तर नुसती सावलीच होती. एका ज्येष्ठ कथाकारांनी करार वाचला आणि कथाच परत मागितली. एक कवयित्री न्यू जर्सीला असतात. एका लेखकांकडे साधा बटणांचा फोन आहे. आणि एक कवी कविता पाठवल्यानंतर महिन्याभरात गेले. यंदा आम्हाला ई-आवृत्तीही काढायची आहे, म्हणून करार हवेतच. छपाई आणि स्कॅन टाळून सह्या कशा घ्यायच्या? व्हॉट्सॲपवर 'चालेल' म्हटलं तर पुरतं का? आमचे सचिव म्हणतात, सगळ्यांकडून आधार कार्डाची प्रत घेऊन ठेवा. सोबत गेल्या वर्षीचा करार जोडते आहे.
– एक संपादिका, सांगली जिल्हा

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

करार सोबत जोडलात ते फार बरं केलंत, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. त्याच्या दुसऱ्या परिच्छेदात हे वाक्य आहे : 'सदर साहित्याचे सर्व हक्क मी कायमस्वरूपी वाचनालयाकडे हस्तांतरित करीत आहे.' ते वाचून मी थांबले. तुम्हाला कथा एका दिवाळी अंकात छापायची होती. त्या कथेवर पुढे कुणी नाटक केलं तर त्याचा मालक वाचनालय असावं, असं तुमच्यापैकी एकालाही वाटत नसणार. हा मसुदा कुठल्या तरी मोठ्या प्रकाशनाच्या करारावरून उतरवलेला दिसतो. ज्या कथाकारांनी कथा परत मागितली, त्यांचा राग सही मागितल्याचा होता असं तुम्ही धरून चालला आहात. मला वाटतं त्यांनी हे वाक्य वाचलं.

तेव्हा सही कशी घ्यायची हे ठरवण्याआधी सही कशावर घ्यायची ते ठरवू. यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखाचा पहिला मालक लेखक असतो. नोकरीत असलेल्या पगारी पत्रकाराची गोष्ट वेगळी, पण तुमचे ३४ जण कुणाचे नोकर नाहीत. त्यांच्याकडून छापण्याचा अधिकार मिळवायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे हक्काचं हस्तांतरण, म्हणजे मालकीच दुसऱ्याच्या नावे करून देणं. ते कायद्याच्या कलम १९ मध्ये येतं आणि तिथे स्पष्ट म्हटलं आहे, की ते लेखी हवं आणि देणाऱ्याने सही केलेलं हवं. दुसरा मार्ग परवानगीचा, कायद्याच्या भाषेत परवान्याचा. ते कलम ३०. तिथेही पूर्वी 'सही केलेलं' असे शब्द होते. २०१२च्या दुरुस्तीत ते काढले. आता परवानगी लेखी असली की झालं.

आणि 'लेखी' म्हणजे कागदावरच असं नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, कलम ४ : जो मजकूर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात आहे आणि नंतर पुन्हा काढून बघता येतो, तो लेखी धरला जातो. 'नंतर पुन्हा काढून बघता येतो' हे शब्द लक्षात ठेवा, व्हॉट्सॲपकडे वळताना ते उपयोगी पडतील. नुसता करार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला म्हणून तो अमान्य होत नाही, असं याच कायद्याचं कलम १०अ सांगतं. ईमेलच्या देवाणघेवाणीतून पक्का करार होऊ शकतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत या खटल्यात मान्य केलं आहे. तो कोट्यवधींचा व्यवहार होता.

म्हणजे तुम्ही हक्क न मागता परवानगी मागितलीत, तर लेखकाने स्वतःच्या ईमेलवरून नीट लिहून पाठवलेलं उत्तर हेच तुमचं संमतिपत्र. प्रिंटर, स्कॅनर आणि बोटाने काढलेली वाकडी सही, यातलं काहीच लागत नाही. स्टॅम्पपेपर, नोटरी किंवा साक्षीदार हवेत असंही कॉपीराइट कायदा म्हणत नाही. दिवाळी अंकासाठी मी गेली कित्येक वर्षं ओळखीच्या प्रत्येक संपादकाला हेच सांगत आले आहे : परवानगी मागा, मालकी मागू नका. कायद्याने ते सोपं पडतं म्हणून तर आहेच, पण तुमच्या अंकाला जे लागतं ते तेवढंच आहे, आणि लेखकाकडून लागतं त्याहून जास्त मागणं मला पटत नाही.

आता परवानगीत काय लिहायचं. कायद्याने इथे काही रिकाम्या जागा स्वतःच भरून ठेवल्या आहेत, आणि त्या तुम्ही भरल्या नाहीत तर तुमचंच नुकसान होईल. मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही, तर फक्त भारत धरला जातो. ई-आवृत्तीच्या दृष्टीने हे महत्त्वाचं आहे. तुमचा अंक न्यू जर्सीत आणि मेलबर्नमध्ये वाचला जावा असं वाटत असेल तर 'जगभरात' हा शब्द लिहायलाच हवा. मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तोही संपतो, जोवर वेगळं काही लिहिलेलं नाही. तुमच्याकडे कथा यंदा राहिली तर पुढच्या अंकात घेण्याची पद्धत असेल, तर याचा विचार करा. शिवाय, करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, ते नाव घेऊन लिहिल्याशिवाय करारात येत नाही. जुन्या अंकांच्या ई-आवृत्त्या काढायचा मोह झाला तर आधी हे आठवा.

मी तुमच्यासाठी मसुदा लिहिला आहे. हा ईमेलमध्येच टाका, वेगळी फाइल नको :

'मी (पूर्ण नाव, टोपणनावाने लिहीत असल्यास तेही) "(शीर्षक)" ही कथा स्वतः लिहिली आहे. ती यापूर्वी कुठेही प्रसिद्ध झालेली नाही. (वाचनालयाचे व अंकाचे नाव) यांना ही कथा (वर्ष) च्या दिवाळी अंकात छापण्याची, तसेच त्याच अंकाच्या ई-आवृत्तीत जगभरातील वाचकांसाठी पाच वर्षे ठेवण्याची परवानगी मी देत आहे. ध्वनिमुद्रण, भाषांतर, नाट्य वा चित्रपट रूपांतर यांची परवानगी यात नाही. कथेचा स्वामित्वहक्क माझ्याकडेच राहील. अंक प्रसिद्ध झाल्यावर सहा महिन्यांनी मी ही कथा इतरत्र देऊ शकेन. मानधन रु. (आकडा), अंक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत. शुद्धलेखनापलीकडे काही बदल करायचा झाल्यास तो आधी मला दाखवला जाईल.'

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं आहे. कलम ५७ प्रमाणे लेखकाचा नावाचा आणि कलाकृतीची मोडतोड न होऊ देण्याचा हक्क हस्तांतरणानंतरही त्याच्याकडेच राहतो. पण कायद्यासाठी नव्हे, तर ते वाक्य वाचल्यावर लेखकाचा जीव भांड्यात पडतो म्हणून ते असावं. 'मानधन देत नाही' ही स्थिती असेल तर तेही तिथेच, सरळ लिहा : 'मानधन नाही, अंकाच्या दोन प्रती मिळतील.' लेखकांना न मिळणाऱ्या मानधनापेक्षा न सांगितलेलं मानधन मनाला जास्त लागतं.

हा मसुदा युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत टाइप करा. डीटीपीवाल्यांकडून जुन्या फॉन्टमधली फाइल आली आणि ती तशीच लेखकाच्या फोनवर गेली, तर समोर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. पुष्कळ करार परत न येण्याचं कारण एवढंच असतं. लेखकाला वाचताच आलेलं नसतं आणि तसं सांगायचा संकोच वाटतो.

ईमेल असा पाठवा, की लेखकाला फक्त 'उत्तर द्या' दाबून एक ओळ लिहायची उरेल. ती ओळही तुम्हीच सुचवा : 'वरील मजकूर मी वाचला आहे. "(शीर्षक)" या कथेसाठी मला तो मान्य आहे. – पूर्ण नाव, दिनांक.' नुसतं 'ओके' किंवा 'चालेल' आलं तर प्रेमाने पुन्हा विचारा. त्यात लबाडीचा संशय नसतो. पण तुमचं एकाच लेखकाशी मुखपृष्ठावर, प्रुफांवर, मानधनावर बोलणं चालू असतं, आणि तीन वर्षांनी ते 'चालेल' नेमकं कशाला होतं हे तुम्हा दोघांनाही आठवणार नाही. उत्तर देताना खालचा मूळ मजकूर राहू द्या, काढून टाकू नका, हेही सांगा. प्रत्येकाला वेगळा ईमेल पाठवा, त्याच्या कथेचं नाव आणि त्याच्या मानधनाचा आकडा घालून. ३४ ईमेल म्हणजे एका दुपारचं काम आहे. एकाच ईमेलमध्ये सगळ्यांचे पत्ते टाकून पाठवू नका. कुणाला किती मानधन हे गावभर होतं आणि मग तो वेगळाच विषय होऊन बसतो.

व्हॉट्सॲप चालेल का? चालेल, पण तो दुसरा पर्याय. काही लेखक ईमेल महिनोन्‌महिने उघडत नाहीत, त्यांच्यासाठी ठीक. तोच पूर्ण मजकूर पाठवायचा, तीच पूर्ण ओळ उत्तरात घ्यायची. अंगठ्याच्या चित्रावर भागवू नका. आपोआप नाहीसे होणारे संदेश ही सोय चालू नाही ना, ते आधी बघा. कलम ४ मधली 'नंतर पुन्हा काढून बघता येण्याची' अट तिथेच कोसळते. आणि उत्तर आलं त्याच दिवशी 'एक्स्पोर्ट चॅट' करून ते संभाषण अंकाच्या ईमेलवर पाठवून ठेवा. फोन पडतात, बदलतात.

गूगल फॉर्मबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. ३४ लेखकांसाठी मला तो पसंत नाही. प्रत्येकाच्या अटी थोड्या वेगळ्या असतात आणि फॉर्म सगळ्यांना एकाच साच्यात घालतो. तुमच्या अंकात कविता स्पर्धा किंवा मुलांची पानं असतील आणि शे-दोनशे प्रवेशिका येत असतील, तर तिथे तो उत्तम. तेव्हा ईमेल पत्ता 'पडताळलेला' घेण्याचा पर्याय निवडा, भरलेल्या फॉर्मची प्रत लेखकाला आपोआप जाईल असं करा, आणि फॉर्म एकदा सुरू केला की त्यातला शब्दही बदलू नका. पहिल्या ४० जणांनी मान्य केलेला मजकूर आणि नंतरच्या ६० जणांचा मजकूर वेगळा झाला, तर सगळीच कागदपत्रं संशयात येतात. बदल करावाच लागला तर नवा फॉर्म काढा.

आता ज्येष्ठ लेखकांकडे येऊ, ज्यांच्याकडे बटणांचा फोन आहे. त्यांना एक पोस्टकार्डाएवढं पत्र पाठवा, सोबत तिकीट लावलेलं, तुमचा पत्ता लिहिलेलं पाकीट. संमतीचा मजकूर छापून पाठवायचीही गरज नाही. त्यांनी कोऱ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहाव्यात : कुठली कथा, कुठल्या अंकात, छापील आणि जगभरातल्या वाचकांसाठी ई-आवृत्ती, परवानगी देत आहे, खाली सही आणि तारीख. जो माणूस आयुष्यभर हाताने लिहीत आला, त्याला हे जड नाही. घरी नातवाकडे फोन असेल तर त्याने त्या कागदाचा दिवसाउजेडी, खिडकीशी धरून फोटो काढून पाठवावा आणि मूळ कागद पाकिटातून यावा. फोनवरचं बोलणं किंवा आवाजी संदेश मात्र पुरेसा समजू नका. कायद्याला परवानगी लेखी हवी आहे.

हे मी इतकं बजावून सांगते आहे त्याला कारण आहे. फार वर्षांपूर्वी मी एका प्रातिनिधिक कथासंग्रहाच्या कामात होते. सगळ्या लेखकांशी मी स्वतः फोनवर बोलले होते, सगळ्यांनी आनंदाने हो म्हटलं होतं, आणि माझ्या वहीत नावांपुढे बरोबरच्या खुणा होत्या. पुस्तक निघालं, संपलं. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी त्यातले एक लेखक हयात नव्हते. त्यांच्या मुलींनी विचारलं, 'बाबांनी हे कुठे लिहून दिलं होतं?' मी त्यांना वही दाखवली. त्या फार समजूतदार होत्या, पण वडिलांनी काय कबूल केलं होतं आणि काय नव्हतं हे त्यांना त्या खुणांवरून कळणं शक्य नव्हतं. त्यांचं बरोबर होतं. दुसरी आवृत्ती निघाली नाही. लेखी संमती आपण लेखकावर विश्वास नाही म्हणून घेत नाही. लेखकाच्या मागे राहणाऱ्यांना त्याचा शब्द वाचता यावा म्हणून घेतो.

तुमचे जे कवी गेले, त्यांच्याबाबतीत आता हेच करावं लागेल. कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कवितेचा हक्क वारसांकडे असतो. कविता त्यांनी स्वतः पाठवली होती यावरून त्यांची इच्छा दिसते, पण ई-आवृत्तीचं त्यांनी काही लिहिलेलं नाही. घरच्यांना भेटायला जा, निदान फोन करा. लगेच फॉर्म पाठवू नका. पुढे जे लिहून घ्याल त्यात 'वारस या नात्याने' असं स्पष्ट असू द्या आणि एकाहून जास्त वारस असतील तर सगळ्यांची संमती घ्या, किंवा बाकीच्यांनी एकाला लेखी सांगितल्याचं घ्या. कवितेखाली कवीचं नाव कसं छापायचं हेही त्यांनाच विचारा.

न्यू जर्सीच्या ताईंचं काम सर्वांत सोपं आहे. ईमेलचं उत्तर. अमेरिकेतही २००० सालापासून इलेक्ट्रॉनिक सहीचा केंद्रीय कायदा आहे आणि तिकडे टाइप केलेलं नाव किंवा 'मान्य'वर केलेली क्लिकही सही ठरू शकते, त्यामुळे त्यांना यात काही वावगं वाटणार नाही. त्यांना आधारच्या वाटेने, म्हणजे आधारवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सहीच्या वाटेने मात्र नेऊ नका. त्या सहीला आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो, आणि भारतातला नंबर चालू ठेवलेला नसेल तर तिथेच गाडी अडते.

आधारची ही सही म्हणजे ई-साइन. ती कधी लागते ते सांगते, कारण एखाद्या वेळी तुम्हाला खरोखरच हस्तांतरण हवं असेल. उदाहरणार्थ, वाचनालयाचं बोधचिन्ह एखाद्या चित्रकाराकडून काढून घेतलंत तर ते कायमचं वाचनालयाच्या मालकीचं असणं योग्य आहे. तिथे कलम १९ लागू होतं आणि कलम १९ ला सही हवी. कायद्याने जिथे सही मागितली आहे, तिथे माहिती तंत्रज्ञान कायदा वाटेल ती इलेक्ट्रॉनिक खूण मान्य करत नाही, ठरवून दिलेल्या पद्धतीची सहीच मान्य करतो. अशा दोन पद्धती आपल्याकडे आहेत. एक म्हणजे सीए मंडळी पेनड्राइव्हसारख्या टोकनवर वापरतात ती डिजिटल सही. दुसरी आधारवर चालणारी ई-साइन, जी २०१५ साली या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आली. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची 'ई-हस्ताक्षर' ही अशीच सेवा, पण ती संस्थांमार्फत वापरायची असते. सामान्य माणसाला एखाद्या सह्यांच्या संकेतस्थळावरून जावं लागतं. सही करणारा आधार क्रमांक टाकतो, ओटीपी देतो आणि पीडीएफवर सही उमटते. दस्तऐवज त्यानंतर बदलला तर ती सही तुटल्याचं दिसतं.

अशी पीडीएफ उघडल्यावर सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं तर घाबरू नका. ई-आधार उतरवून घेतल्यावर दिसतं ना, तेच. सही खोटी आहे असा त्याचा अर्थ नाही. तुमच्या संगणकाने सही देणाऱ्या यंत्रणेवर अजून विश्वास ठेवलेला नाही, एवढंच. सहीच्या गुणधर्मांत जाऊन 'सीसीए इंडिया' (अशा सह्यांवर देखरेख करणारी सरकारी यंत्रणा) हे मूळ प्रमाणपत्र विश्वासार्ह म्हणून नोंदवलं की हिरवी खूण येते. आणि एक मोठी चूक टाळा : सही झालेली पीडीएफ छापून पुन्हा पीडीएफ करणं, दुसऱ्या फाइलला जोडणं किंवा लहान करायच्या ॲपमधून काढणं. दिसायला सगळं तसंच राहतं, पण आतली सही गेलेली असते. आली तशी ठेवा. हे सगळं नको वाटलं तर त्या एका चित्रकारासाठी कागदावर सही घ्या, एका माणसासाठी ते काही अवघड नाही.

मोबाइलवर बोटाने काढलेली किंवा चिकटवलेली सही तुम्हाला काही लेखक आपणहून पाठवतील. अडोब रीडरमध्ये ती फुकट करता येते आणि दिसायला छान दिसते. जरूर स्वीकारा. पण वजन त्या चित्राला नाही, ते ज्या ईमेलमधून आलं त्या ईमेलला आहे हे विसरू नका, आणि फाइल काढून घेऊन ईमेल पुसू नका.

तुमच्या सचिवांना माझा निरोप द्या : आधारची प्रत घेऊ नये. ती कुणाकडून घेतली यावरून त्या माणसाने कथा छापायला परवानगी दिली हे सिद्ध होत नाही. उलट ३४ जणांचे आधार क्रमांक वाचनालयाच्या कपाटात आणि कुणाच्या तरी लॅपटॉपवर पडून राहतात, आणि ते बाहेर गेले तर जबाबदारी तुमची. आता वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदाही आहे. ज्या कामासाठी माहिती लागत नाही ती गोळाच न करणं हा सर्वांत साधा उपाय. मानधनासाठी बँकेचा तपशील किंवा पॅन लागला तर तो खजिनदारांनी वेगळा मागावा. संमतीच्या ईमेलमध्ये नको, कारण ते अख्खं संपादक मंडळ वाचतं.

आणखी काही प्रसंग. मुलांच्या पानांवर कविता किंवा चित्र असेल तर १८ वर्षांखालच्या मुलाला कायद्याने करार करता येत नाही, म्हणून संमती आई किंवा वडिलांच्या ईमेलवरून घ्या. पण मुलालाही विचारा, त्याचं चित्र आहे. अनुवाद असेल तर दोन संमती लागतात, अनुवादकाची आणि मूळ लेखकाची. अनुवादकाने 'मी विचारलं आहे' असं म्हटलं तर ते विचारलेलं पत्र बघा. दोघांनी मिळून लिहिलेला लेख असेल तर दोघांचं उत्तर. छायाचित्रांचा मालक सहसा छायाचित्रकार असतो, लेखासोबत फोटो पाठवणारा लेखक नव्हे.

ही उत्तरं ठेवायची कुठे? अंकाचा स्वतःचा ईमेल असू द्या. सध्या तुम्ही तुमच्या घरगुती ईमेलवरून पत्रव्यवहार करता असं पत्रावरून दिसतं. उद्या संपादन दुसऱ्या कुणाकडे गेलं की सगळ्या संमती तुमच्याबरोबर जातील. प्रत्येक उत्तर मूळ रूपात उतरवून ठेवा. जीमेल संगणकावर उघडलं की ईमेलच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांखाली 'डाउनलोड मेसेज' असा पर्याय आहे, त्यातून पाठवणाऱ्याची आणि वेळेची सगळी आतली नोंद मिळते. पडद्याचा फोटो हा त्याला पर्याय नाही. वर्षाचं एक फोल्डर, त्यात लेखाच्या अनुक्रमांकाने फाइली, एक प्रत वाचनालयाच्या संगणकावर आणि एक बाहेर. मग एक साधा तक्ता करा : नाव, शीर्षक, ईमेल कधी पाठवला, उत्तर कधी आलं, मुदत कधी संपते. तो शेवटचा रकाना सगळे विसरतात. पाच वर्षांनी ई-आवृत्ती तशीच चालू ठेवायची असेल तर पुन्हा विचारावं लागणार आहे.

नोंद मूळ रूपात ठेवण्याचा आग्रह का, ते जालन्याच्या एका खटल्यावरून कळेल. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत तिथे उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही यावर वाद झाला आणि पुरावा म्हणून निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाच्या सीडी पुढे आल्या. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलै २०२० मध्ये निकाल लागला : मूळ उपकरण न्यायालयासमोर आणलं नाही तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हे प्रमाणपत्र कलम ६३ मध्ये आहे. दिवाळी अंकातल्या कथेवरून तुम्ही न्यायालयात जाल असं मला मुळीच वाटत नाही. पण प्रमाणपत्र देणाऱ्याला नोंद कुठल्या यंत्रावर, कशी ठेवली हे सांगावं लागतं, आणि ते सांगता येईल अशी घडी आजच बसवणं सोपं आहे.

वेळेबद्दल. गेल्या वर्षी तुम्ही करार पाठवलेत ते पानं लागल्यावर, सप्टेंबरात. तेव्हा लेखकाला वाटतं, आता काय, छापलंच आहे. संमतीचा ईमेल साहित्य स्वीकारल्याच्या पत्रासोबतच जाऊ द्या. 'तुमची कथा आम्ही घेत आहोत' हे वाचल्यावर लेखक ज्या आनंदात असतो, त्या आनंदात तो लगेच उत्तर देतो. आठवड्यात उत्तर आलं नाही तर एक आठवण, आणि त्यानंतर ईमेल नको, फोन. बहुतेक वेळा कळतं की पत्र स्पॅममध्ये गेलं होतं. फोनवर पुन्हा पाठवते म्हणा आणि बोलणं चालू असतानाच पाठवा. आणि मुद्रणालयाला फाइल देण्याआधी तक्त्यात ज्यांच्यापुढे तारीख नाही त्यांचा मजकूर बाजूला काढा. हे करायला जड जातं, मला ठाऊक आहे, पण एका वर्षी केलंत की पुढच्या वर्षी करावं लागत नाही.

राहिले ते कथाकार. त्यांना नवा मसुदा ईमेलने पाठवू नका. त्यांच्याकडे जा. गेल्या वर्षीचा करार चुकीचा होता, त्यात आम्ही जे मागायला नको होतं ते मागितलं, असं त्यांना सांगा, आणि नवा मजकूर त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा. 'स्वामित्वहक्क माझ्याकडेच राहील' या ओळीपाशी जरा थांबा. मग कथा मागा. दिली तर तिथेच, त्यांच्याच कागदावर, त्यांच्या अक्षरात चार ओळी लिहून घ्या. त्या दिवशी दिली नाही, तरी हरकत नाही. अंकाच्या दोन प्रती मात्र दिवाळीला त्यांच्या घरी पोचू द्या.

तुमची,
ताई